जुन्या नाण्यातील दोष टांकसाळीचा की नंतरचा?

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातून एका तरुण शेतकऱ्याने विचारले आहे की, आजी गेल्यानंतर तिच्या लोखंडी पेटीतील डब्यात काही जुनी नाणी मिळाली आणि त्यांतील तीन नाणी पाहताक्षणी चुकीची वाटली. एक भोकाचा पैसा आहे, त्याचे भोक मधोमध नसून एका अंगाला सरकलेले आहे. एक स्टीलचा रुपया आहे, त्याची एक बाजू पूर्ण कोरी आहे. तिसरे पाच रुपयांचे जुने जाड नाणे असून त्याच्या आकड्याच्या बाजूवर सिंहमुद्रा उलटी आणि आत रुतलेली दिसते, व तिच्याखाली ५ हा आकडाही पुसटसा दिसतो. याखेरीज वखरणी करताना वावरात सापडलेले तांब्याचे एक जाड, वेडेवाकडे नाणे त्यांच्याकडे आहे, ज्यावरील अक्षरे काठाबाहेर निघून गेली आहेत. मोबाइलवरील एका चित्रफितीत अशा नाण्यांना लाखो रुपये मिळतात असे सांगितले होते, आणि तेथील क्रमांकावर संपर्क केल्यावर त्यांच्याकडे आधी नोंदणी शुल्क मागण्यात आले. ही नाणी खरोखर मौल्यवान आहेत का आणि ते शुल्क भरावे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर झाल्यास नुकसान होईल. शुल्क भरू नका. नाणे विकत घेणारा माणूस विकणाऱ्याकडून कधीही आगाऊ पैसे मागत नाही, मग त्या मागणीला नोंदणी म्हणा, कर म्हणा किंवा दलाली म्हणा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळण्याचे प्रकार इतके वाढले, की ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर निवेदन काढून सांगावे लागले की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, ती असे कोणतेही शुल्क घेत नाही आणि आपल्या वतीने ते घेण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. तुम्ही त्या व्यक्तीला आधार किंवा बँक खात्याचा तपशील दिला असेल, तर आजच आपल्या बँकेला कळवा.

आता नाण्यांकडे वळतो. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत आणि ते सुटे केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पहिला असा, की नाण्यातील वेगळेपण टांकसाळीत निर्माण झाले की नाणे बाहेर आल्यावर कोणाच्या हातून वा कशामुळे तरी झाले. दुसरा असा, की ते टांकसाळीतलेच असेल तर त्याला कोणी पैसे देईल का. पहिल्याचे उत्तर नाण्यातच असते आणि धीराने पाहिले तर बहुतेक वेळा मिळते. दुसऱ्याचे उत्तर बाजारात असते. ते काळानुसार, नाण्याच्या स्थितीनुसार आणि त्या प्रकाराचे किती संग्राहक आहेत यानुसार बदलते. चित्रफिती काढणारे पहिला प्रश्न गाळून थेट दुसऱ्यावर येतात, आणि लोकांची फसगत तेथेच होते.

पहिल्या प्रश्नासाठी नाणे कसे पाडले जाते हे ठाऊक असणे भाग आहे. धातूची लादी लाटून हव्या त्या जाडीची पट्टी करतात आणि त्या पट्टीतून यंत्राने गोल चकत्या कापतात. या कोऱ्या चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, त्यांचा काठ दाबून किंचित उंचावतात आणि त्या धुऊन स्वच्छ करतात. मग प्रत्येक चकती एका पोलादी कड्यात बसते, तिच्या वर एक आणि खाली एक असे दोन पोलादी ठसे असतात, आणि प्रचंड दाबाने एकाच ठोक्यात दोन्ही बाजूंची नक्षी उमटते. चकती बाहेर पसरू नये म्हणून ते कडे असते. नाण्याच्या काठावरील उभ्या रेघाही त्याच कड्यामुळे येतात. टांकसाळीतील प्रत्येक खरी चूक या क्रमातील एखाद्या पायरीवर, किंवा ठसा तयार होतानाच, घडते. चकती कापताना यंत्र आधीच्या छिद्रावर चढले तर नाण्याचा चंद्रकोरीसारखा भाग कमी भरतो. चकती कड्यात नीट बसली नाही तर नक्षी एका बाजूला सरकते. ठशाच्या खोलगट भागात वंगण व धूळ साचली तर एखादे अक्षर किंवा सनाचा आकडा उमटत नाही. ठशाला चीर गेली तर नाण्यावर बारीक उंचवट्याची रेघ येते, आणि ठशाचा तुकडाच निघाला तर तेथे धातूचा बेढब फुगवटा येतो. म्हणून नाणे हाती आले की मी त्याची किंमत मनात आणत नाही. हे नेमके कोणत्या पायरीवर घडले असेल, एवढेच स्वतःला विचारतो. एकाही पायरीवर ते घडू शकत नसेल, तर नाणे कितीही विचित्र दिसो, ते बाहेर बिघडलेले आहे.

यातून एक कसोटी निघते आणि माझ्या अनुभवात ती सर्वांत उपयोगी आहे. टांकसाळीत चूक झाली तर नक्षी अपुरी, सरकलेली किंवा दुहेरी उमटते. बाहेर नुकसान झाले तर आधी नीट उमटलेली नक्षी मोडते. पाऊस पडून गेल्यावर वावरातल्या ओल्या मातीत बैलाचा खूर अर्धाच टेकला तर ठसा अर्धाच असतो, पण जेवढा असतो तेवढा स्वच्छ असतो. पूर्ण उमटलेल्या खुरावरून नंतर गाडीचे चाक गेले तर ठसा चेपलेला दिसतो आणि त्याची माती कडेला सरकलेली दिसते. नाण्याचा धातू याच रीतीने वागतो. तो नाहीसा होत नाही, कोठे तरी सरकतो. सपाट झालेल्या अक्षराच्या शेजारी धातूची वळी दिसली, काठ एका जागी फुगलेला दिसला, किंवा वजन कमी भरले, तर तो धातू कोठे गेला याचा हिशेब लागलाच पाहिजे.

साधने फार लागत नाहीत. सराफ वापरतात ते दहापट भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा विद्युत काटा, जाडी-व्यास मोजण्याची व्हर्निअर पट्टी आणि एक चुंबक एवढे पुरते. काटा नसल्यास गावातील सराफाकडे जाऊन वजन करून घ्यावे. बहुतेक सराफ आनंदाने करून देतात. प्रकाश मात्र वरून पाडू नये. खिडकीशी बसून नाणे तिरपे धरावे, म्हणजे उंचवटे आणि खड्डे सावलीमुळे स्पष्ट होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे त्याच प्रकारचे, त्याच काळातले एक निर्दोष नाणे. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय मी कोणत्याही नाण्याबद्दल मत देत नाही.

एक कळकळीची विनंती तपासणीआधीच करतो. नाणी धुऊ नका. आपल्याकडे दिवाळीत लक्ष्मीपूजनाची नाणी चिंच, लिंबू किंवा राखेने घासण्याची रीत आहे, आणि त्या रीतीत श्रद्धा आहे हे मी जाणतो. पण तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी थर हाच त्या नाण्याच्या जुनेपणाचा पुरावा असतो. तो थर घासून काढला की त्याबरोबर पृष्ठभागाची बारीक नक्षी जाते, दोष खरा की नंतरचा हे सांगणाऱ्या खुणा जातात आणि नाण्याची किंमतही उतरते. पूजेसाठी वेगळी नाणी ठेवावीत. हळदी-कुंकू चिकटले असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बुडवून ठेवावे आणि मऊ कापडाने न घासता टिपून घ्यावे, त्यापलीकडे काहीही करू नये.

तुमचा भोकाचा पैसा मला सर्वांत आशेचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून हे पैसे पाडले गेले आणि १९४७ पर्यंतचे सन त्यांवर मिळतात. वजन जेमतेम दोन ग्रॅम असते. यातील भोक नाणे पाडल्यानंतर पाडलेले नसते. ते कोऱ्या चकतीलाच आधी पाडले जाई आणि मग ती चकती ठशांखाली जाई. हा क्रम लक्षात ठेवला तर तपासणी सोपी होते. भोक आधी असल्यामुळे ठशाचा दाब पडताना आसपासचा धातू किंचित भोकाकडे ओढला जातो. त्यामुळे भोक सरकून मुकुटावर किंवा अक्षरांवर आले असेल, तर तेथील नक्षी भोकाच्या दिशेने हलकेच झुकलेली, ओघळल्यासारखी दिसते, आणि भोकाची कड गुळगुळीत व काहीशी गोलसर असते. नंतर कोणी भोक पाडले असेल तर ते अक्षराला सुरीने कापल्यासारखे तोडते, कडेला धातूची बारीक कूस लागते आणि आतल्या भिंतीवर गिरमिटाच्या फिरत्या रेघा भिंगातून दिसतात. शिवाय नंतर पाडले असते तर मधले मूळ भोक कोठे गेले, हा प्रश्न उरतोच. तुमच्या नाण्याला एकच भोक आहे आणि ते सरकलेले आहे, म्हणून ते खरे असण्याची शक्यता बरीच आहे. थोडेसे सरकलेले भोक मात्र या पैशांत अधूनमधून आढळते, त्याला फार मोल नाही. भोक मुकुटात अर्धे घुसले असेल किंवा काठाला भिडले असेल तर संग्राहक लक्ष देतात. भोकच नसलेला पैसा त्याहून दुर्मीळ असतो, आणि म्हणूनच भोक बुजवून तसा भासवलेला पैसाही बाजारात येऊ शकतो. त्यात मध्यभागाचा रंग वेगळा असतो आणि तिरप्या प्रकाशात गोल सांधा दिसतो.

स्टीलच्या रुपयाबद्दल मी येथून निश्चित सांगू शकत नाही, कारण तुम्ही वजन दिलेले नाही आणि या नाण्याचा सारा निकाल वजनावर आहे. १९९२ पासून पाडलेला हा रुपया पूर्ण असताना ४.८५ ग्रॅमचा असतो (२०११ पासूनचा लहान रुपया मात्र ३.७९ ग्रॅमचा आहे). टांकसाळीत एक बाजू कोरी राहण्याचे साधे कारण म्हणजे ठशांमध्ये एकाच वेळी दोन चकत्या जाणे. मग प्रत्येक चकतीच्या बाहेरच्या बाजूवर छाप पडते आणि एकमेकींना चिकटलेल्या बाजू कोऱ्या राहतात. अशा नाण्यात धातू कोठेही गेलेला नसतो, त्यामुळे वजन पूर्ण भरते. याउलट कोणी ग्राइंडरवर किंवा फरशीवर घासून एक बाजू काढली असेल तर वजन घटते, जाडी कमी होते, काठ त्या बाजूला धारदार होतो आणि भिंगातून एकाच दिशेने किंवा वर्तुळाकार जाणाऱ्या समांतर रेघा दिसतात. स्टील वापराने फारसे झिजत नाही, म्हणून वजन अर्ध्या ग्रॅमने कमी भरले तरी मी ते नाणे घासलेले समजेन. हा रुपया चुंबकाला चिकटतो हे पाहून घाबरू नका. या स्टीलचा तो गुणच आहे. कोणी तेच चुंबकाचे कारण सांगून दुर्मीळ धातूचे नाणे म्हणून भाव सांगत असेल तर तेही मानू नका.

पाच रुपयांच्या नाण्यावर थोडे थांबावे लागेल, कारण त्यावरून खूप लोक फसतात. टांकसाळीत पाडलेले नाणे कधी कधी बाहेर न पडता एका ठशालाच चिकटून राहते. त्याखाली पुढची चकती आली की तिच्या एका बाजूवर खऱ्या ठशाची छाप पडते आणि दुसऱ्या बाजूवर त्या चिकटलेल्या नाण्याची. परिणामी एका बाजूला सिंहमुद्रा सुलट व उठावदार, आणि दुसऱ्या बाजूला तीच सिंहमुद्रा उलटी व खोलगट दिसते. आपल्याकडील संग्राहक अशा नाण्याला लखी म्हणतात, काही घरांत ते शुभ मानून जपतात, आणि चांगल्या स्थितीतील लखी नाण्याला मागणी असते. पण अशा नाण्याच्या रुतलेल्या बाजूवर स्वतःची नक्षी कधीच नसते, कारण त्या बाजूच्या ठशाने चकतीला स्पर्शच केलेला नसतो. मध्ये दुसरे नाणे असते. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की उलट्या सिंहाखाली ५ हा आकडा पुसट दिसतो. म्हणजे तुमचे नाणे आधी पूर्ण आणि नीट पाडले गेले, आणि नंतर कोणी तरी त्याच्या आकड्याच्या बाजूवर दुसऱ्या नाण्याची सिंहबाजू ठेवून ते शिकंज्यात आवळले किंवा हातोड्याने ठोकले. पडताळा घ्यायचा असेल तर नाणे उलटून त्याची स्वतःची सिंहबाजू पाहा. ती शिकंज्याच्या जबड्यावर टेकलेली असल्याने तिचे सर्वांत उंच भाग चकाकते व सपाट झालेले असतील. हे नाणे टांकसाळीच्या दोषाचे नाही असे मी खात्रीने सांगतो. पाच रुपयांचे नाणे म्हणूनच ते ठेवा, आणि दुसऱ्या कोणाला लखी म्हणून विकू नका.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे दोन्ही बाजूंना सिंह किंवा दोन्ही बाजूंना आकडा असलेले नाणे. गावोगावी फिरणारे जादूगार अशी नाणी वापरत. एका नाण्याची आतली बाजू कोरून काढून तीत दुसऱ्या नाण्याची पातळ केलेली चकती बसवतात. उंच काठाच्या आतल्या बाजूने भिंग फिरवले की केसासारखा सांधा दिसतो, आणि फरशीवर टाकले तर बंद्या रुपयाचा खणखणीत नाद येत नाही. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याचेही असेच होते. त्याचा मधला भाग खरोखरच सरकून पाडला गेला असेल तर दोन्ही धातूंच्या सीमेवरून जाणारी नक्षी सलग असते. ठोकून काढून पुन्हा बसवलेल्या मधल्या भागाची नक्षी बाहेरच्या कड्याशी जुळत नाही आणि सीमेवर ओरखडे असतात.

दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांबद्दलही मला वारंवार विचारले जाते. ठशावरच नक्षी दोनदा उमटलेली असेल तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर अक्षर दुहेरी येते, दोन्ही प्रतिमा गोलसर व पूर्ण उंचीच्या असतात आणि अक्षराच्या टोकाला खाच दिसते. असे नाणे संग्राह्य आहे. पण ठोका पडल्यावर सैल ठसा किंचित हलला तर अक्षराच्या कडेला एक सपाट, बसकी पायरी तयार होते आणि मूळ अक्षर उलट बारीक होते. आपल्या आधुनिक नाण्यांत दुसरा प्रकार सर्रास दिसतो आणि त्याला मी जादा पैसे देत नाही. सनातील एखादा आकडा नसणे हेही बहुधा ठशात वंगण साचल्यामुळे झालेले असते. आकडा कडेकडेने विरत गेला असेल तर ते खरे, पण साधे आहे. आकड्याच्या जागी ओरखडे असतील तर तो खरवडलेला आहे.

चकती कापताना पडलेली चंद्रकोर खरी की कानसीने काढलेली, हे सांगणारी एक फार सुंदर खूण आहे. काठ उंचावण्याच्या यंत्रात चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. जेथे चंद्रकोर आहे तेथे दाब बसत नाही, म्हणून नेमक्या समोरच्या काठालाही पुरता दाब मिळत नाही आणि तो कमजोर, पुसट राहतो. कानस घेऊन बसणाऱ्याला समोरचा काठ असा कमजोर करता येत नाही. काठ उंचावून पाडलेल्या नाण्यांत ही खूण सहसा मिळते. ती दिसली नाही तर मी त्या नाण्याकडे संशयाने पाहतो.

आता ज्या गोष्टी दोषच नाहीत, त्यांबद्दल. सनाखाली खूण नाही म्हणून नाणे चुकीचे ठरत नाही. मुंबईच्या टांकसाळीची खूण पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादची तारा आणि नोएडाची ठिपका असते, आणि कोलकात्याचे नाणे खुणेविनाच येते. एकाच मूल्याची वेगवेगळी नक्षी असणे हाही दोष नव्हे. दहा रुपयांच्या नाण्यांबाबत खेड्यांतील दुकानदार ती नाकारू लागले, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की तोवर निघालेल्या चौदाही नक्षींची नाणी वैध आहेत. वैष्णोदेवी संस्थानाच्या स्मरणार्थ २०१२ मध्ये निघालेली पाच व दहा रुपयांची नाणी लाखांना जातात ही अफवाही याच पंथातील आहे. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट वेगळी आहे. राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी हत्तीची आकृती सुधारण्यात आली. तो रुपया संग्राहक आवडीने घेतात, पण चूक नक्षी काढणाऱ्याची होती, पाडणाऱ्या यंत्राची नव्हती. त्या वर्षीचे सारे रुपये तसेच आहेत.

चांदीच्या रुपयांबाबत आपल्या भागासाठी एक सूचना. गोंड आणि बंजारा स्त्रियांच्या नाण्यांच्या माळांतून सुटलेले राणीछाप रुपये अजूनही आठवडी बाजारांत आणि सराफांकडे येतात. त्यांच्या काठावर डाग दिल्याचा फुगवटा असतो, कडी काढताना पडलेली सपाटी असते, कधी भोक असते. याला टांकसाळीचा दोष समजू नये. तरीही अशा रुपयाला चांदीची किंमत असतेच, कारण व्हिक्टोरियापासून पंचम जॉर्जपर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि सुमारे ९१.७ टक्के चांदीचा आहे. १९४० पासून ते प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे. षष्ठ जॉर्जचा १९३९ सनाचा चांदीचा रुपया दुर्मीळ असल्याने १९३८ मधला शेवटचा आकडा कोरून ९ केलेले रुपये मात्र जपून पाहावेत.

किमतीबाबत मी आकडा देणार नाही, कारण नाणे हातात न घेता दिलेला आकडा म्हणजे अंदाजही नव्हे. काय पाहिले जाते ते सांगतो. दोष डोळ्यांना लगेच दिसणारा असावा. भिंगाशिवाय न दिसणाऱ्या दोषाला गिऱ्हाईक थोडे. सरकलेल्या छापेच्या नाण्यात बराच भाग कोरा असून सन आणि टांकसाळीची खूण शिल्लक असेल तर मोल वाढते, सन गेला असेल तर घटते. नाणे कमी हाताळलेले असावे. आणि त्या मालिकेचे संग्राहक असावेत. आपल्या स्वतंत्र भारताच्या नाण्यांतील किरकोळ दोषांना साधारणतः शेकड्यांत पैसे मिळतात आणि अनेकांना तेही मिळत नाहीत. मोठा, दुर्लभ आणि शाबीत दोष असेल तरच पुढचे बोलणे होते. विक्रेत्याने मागितलेला भाव हा भाव नसतो. लिलावात प्रत्यक्ष किती रुपयांना नाणे गेले ते पाहावे. नागपूरला भरणाऱ्या नाणे प्रदर्शनांत गेलात तर एकापेक्षा अधिक जाणकारांना दाखवा आणि पहिल्याच टेबलावर विकू नका.

राहिले तुमचे वावरातले तांब्याचे नाणे, आणि खरे सांगायचे तर या साऱ्यांत माझे मन त्याच्याकडेच ओढले जाते. अक्षरे काठाबाहेर गेली म्हणून तुम्ही त्याला चुकीचे म्हटले आहे. यंत्र येण्यापूर्वी नाणी हाताने पाडत. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, चकती हाताने ठेवत आणि वरून घण मारत, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर सहसा येतच नसे. अशा नाण्यांत सरकलेली छाप हा नियम आहे, दोष नाही. आपल्या भागात शिवराई भरपूर मिळते. तिच्या एका बाजूवर श्री राजा शिव आणि दुसरीवर छत्रपति ही अक्षरे नागरीत असतात, पण हाती येते तेव्हा दोन-तीनच अक्षरे दिसतात. अक्षरे फारसी वळणाची असतील तर ते अचलपूरचे, म्हणजे जुन्या एलिचपूरच्या टांकसाळीचे असू शकते. त्याहून जुनेही मिळते. वाशिम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहन राजांच्या मिश्रधातूच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, आणि त्या नाण्यांवरील राजांच्या नावांनी विदर्भाच्या इतिहासात मोलाची भर घातली. त्यांतही नाव पूर्ण उमटलेले नाणे क्वचितच असते; अनेक नाणी शेजारी ठेवून अभ्यासकांनी एकेक नाव जुळवले.

म्हणून त्या नाण्याबाबत तुमच्याकडून मला किमतीपेक्षा माहिती हवी आहे. ते कोणत्या गटात, किती खोलीवर, कशाच्या जवळ सापडले हे आजच लिहून ठेवा. तेथे खापरे, विटा किंवा आणखी नाणी असतील तर खोदू नका. जमिनीत पुरलेला ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार परवानगीविना देशाबाहेर पाठवता येत नाही. साठा असेल तर तो एकत्र राहिला तरच बोलतो. दहा जणांनी वाटून घेतला की त्यातील इतिहास कायमचा जातो. ओळख पटवण्यासाठी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, किंवा नाशिकजवळील अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत विचारणा करता येईल.

भोकाचा पैसा आणि स्टीलचा रुपया यांचे वजन शंभराव्या भागापर्यंत लिहून पाठवा. प्रत्येकाची दोन्ही बाजूंची आणि काठाची छायाचित्रे सकाळच्या उन्हात, प्रकाश एका बाजूने पडेल अशी घ्या, आणि चौकटीत शेजारी त्याच प्रकारचे एक साधे नाणे ठेवा. भोकाच्या पैशाचे भोकाभोवतीचे चित्र जवळून हवे, म्हणजे मुकुटाची रेघ भोकाकडे झुकली आहे की तुटली आहे हे दिसेल. तांब्याच्या नाण्यावरची माती तशीच राहू द्या.